कोपरगावचा पायांनी गाणारा साळी

कोपरगावला मी एक वाद्य बंद पाडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे ऊस, नदी आणि शेंगोळी यांचं वर्णन वाचून कुणाला वाटायचं की बाई हवापालटाला गेल्या होत्या.

झालं होतं असं. गणपतीच्या दिवसांत नगरच्या आमच्या तरुण मंडळासाठी मी एक पत्रक लिहिलं. 'परका सूर, परकं राज्य' हे त्याचं नाव. गोऱ्यांच्या छावणीतली गिटार मांडीवर घेऊन जो भजन वाजवतो तो गुलामीलाच ताल देतो, असं त्यात एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या काकांनीही मान डोलावली होती. मी आजवर एकही गिटार जवळून पाहिलेली नव्हती, पण पत्रक लिहायला तेवढ्याची गरज पडत नाही.

मग कोपरगावच्या मास्तरांचं पत्र आलं. मास्तर तिथल्या सत्कार समितीचे चिटणीस. बेचाळीसात आत गेलेले गावातले दोघे सुटून आले होते, आणि दसऱ्याला सूर्य मावळायच्या सुमारास नदीकाठी त्यांचा सत्कार होणार होता. सुरुवातीला भजन. भजनी मंडळात एक साळी, हातमागावर कापड विणणारा, गिटार वाजवतो. 'आपले पत्रक वाचून आम्ही त्यास मनाई केली आहे. भजनी मंडळी रुसली आहेत. आपण स्वतः येऊन त्यांची समजूत घालावी.' मला त्या पत्राचा अभिमान वाटला. पत्रकांचा एक गठ्ठा पिशवीत टाकला आणि निघाले.

नगर ते कोपरगाव, खंडेनवमी

सकाळच्या गाडीत माझ्यासमोर एक म्हातारा सुतार बसला होता. तो श्रीगोंद्याकडून बसून आला होता. सुतार हे मला त्याच्या बोटांवरून कळलं. डाव्या हाताची तर्जनी एका पेराने कमी होती. मांडीवर फडक्यात बांधलेला खण, एक नारळ आणि तेलाची छोटी बाटली.

राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना हिरवं सुरू झालं. नगरच्या माणसाला हे बघून जरा राग येतो. आमच्याकडे कुसळं आणि इथे डोक्याइतका ऊस. म्हातारा म्हणाला, "भंडारदऱ्याचं पानी हाय ताई. डोंगरातलं पानी हितं गोड हुतं." आणि त्याने भाकरी सोडली. बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, कांदा. अर्धी न विचारता माझ्या हातावर ठेवली. मी आढेवेढे घेतले तर म्हणाला, "खावा की. लेकीकडं चाललोय, तितं मला जेवान हायेच."

"कोपरगावला दिलीय का लेक?"

"दिलीय म्हंजी, लाकडाची लेक हाय." तो हसला. दात मोजकेच होते. "वाजवायचं वाद्य हाय. म्या घडिवलं. आमच्या सख्याला दिलं. सख्या साळी. दर खंडेनवमीला जातो, तेल घालतो, खण ठिवतो. माहेरचं मानूस नको का कुनी वर्साकाठी?"

भाकरीचा घास माझ्या तोंडात होता.

मी बोलायला पाहिजे होतं. मी सभेत मामलेदाराला तोंडावर बोललेली मुलगी. पण ज्याची भाकरी खातेय त्याला 'तुमच्या लेकीला मी गप्प करायला चाललेय' हे कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी फक्त विचारलं, "गिटार का?"

"गोरं तसंच कायतरी म्हनायचं. म्या नगरच्या छावनीत खोकी करायला हुतो लढाईच्या टायमाला. तितं एक गोरा सोजीर मांडीव आडवी घिऊन वाजवायचा. बोटानं तार दाबायचा न्हाई. लोखंडाची कांडी तारंवनं फिरवायचा. आन् सूर असा…" त्याने तुटक्या तर्जनीने हवेत एक लांब वळण काढलं. "मानूस रडतंय का गातंय, कळंना. म्या फळीवर कोळशानं माप काढून घेतलं."

म्हणजे छावणीतलंच. पत्रकातलं वाक्य खरंच निघालं. मला बरं वाटायला हवं होतं.

पुणतांब्यानंतर गाडी गोदावरीवरून गेली. म्हाताऱ्याने, म्हणजे गणपत मिस्त्रींनी, पाण्यात एक पैसा टाकला आणि माझ्या वतीने दुसरा टाकला.

साळ्याचं घर

स्टेशनवरून गावात जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मिस्त्रींनी सुतळीने बांधून दिला. मास्तरांकडे आधी जायचं ठरलेलं होतं, पण मी म्हटलं, शत्रू आधी पाहून घ्यावा. मिस्त्रींना एवढंच सांगितलं की मलाही ते वाद्य बघायचंय.

उन्हातून आत शिरले, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तिसऱ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत जमिनीत गेले. हातमागाचा खड्डा. साळी मागावर बसतो तेव्हा पाय या खड्ड्यात सोडतो आणि तळच्या लाकडी पावड्या दाबतो. पावडी दाबली की ताण्याचे दोरे वरखाली होतात. हे सगळं मला नडगी सोलून निघाल्यावर कळलं.

"आगं बया!" आतून एक बाई धावत आल्या. या यमुनाकाकू, सखारामबापूंच्या पत्नी. "पडली का? उठू नगं, आदी हळद लावते. मिस्त्रीभावजी, तुमाला सांगाया काय हुतं, खड्डा हाय म्हून?"

"आवं वयनी, मला वाटलं नगरची शिकल्याली हाय, तिला दिसल."

हळद लावता लावता काकूंनी मला माझं नाव, गाव, वडिलांची नोकरी, लग्न झालं का, का झालं नाही, हे सगळं विचारून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देऊन थांबतात. इथे पाणी ही फक्त सुरुवात असते.

सखारामबापू भिंतीशी उभे होते. पन्नाशीचे, उंच, गळ्याला पांढरं फडकं. ते हसले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकूच आलं नाही. सुकलेल्या पानावरून वारा जावा इतकाच आवाज.

"या, बसा म्हनत्यात," काकू म्हणाल्या. "घशात गाठ झाल्ती. दाक्तरनं कापली. गाठ गेली आन् गळा बी गेला. तालुक्यात ह्यांच्यावानी भजन म्हननारं न्हवतं कुनी. तीन वर्सं झाली."

मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. त्या गठ्ठ्याचं वजन अचानक जाणवायला लागलं होतं.

वाद्य देवघरासमोर होतं. पाटावर नवं धोतर अंथरून आडवं ठेवलेलं. शेजारी मागाची हत्यारं, धोटा, फणी, कात्री. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूची फुलं. मिस्त्रींनी खण उलगडून त्या लाकडावर पसरला, नारळ ठेवला, आणि व्याह्यांच्या घरी बाप लेकीची तब्येत जशी डोळ्यांनीच बघतो तसे टक लावून बसले. सागाची अरुंद पेटी, त्यावर आठ तारा बोटभर उचललेल्या. पेटीखालून तीन तारा निघून तीन पावड्यांना बांधलेल्या. पावड्या बाभळीच्या. मागाला असतात तशाच, फक्त लहान.

"पावड्या गोऱ्याच्या वाद्याला होत्या?" मी विचारलं.

"छ्या. गोरा नुसता हातानं वाजवायचा. म्या म्हनलं, साळ्याचं पाय रिकामं का ठिवायचं? सख्याच्या हातापरीस पाय शाने हायेत."

"एकदा वाजवून दाखवाल?"

तिघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवाला खाली उतरून चहा करायला सांगितलं होतं.

"आज खंडेनवमी न्हवं का," काकू म्हणाल्या. "आज हत्यार झोपतं. माग बी बंद. उद्या सोनं वाहिल्याबिगर कोन हात लावनार न्हाई."

आमच्या घरी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात आणि पुस्तकं पूजेत ठेवतात. त्या दिवशी वाचायचं नाही, या नियमाचा मी लहानपणी पुष्कळ फायदा घेतला. पण यांचा नियम वेगळ्या जातीचा होता. सुताला अजून परवाना लागत होता, महिन्यातले कितीतरी दिवस माग तसाही उपाशी असायचा. तरी मिळालेलं सूत बाजूला ठेवून त्या दिवशी त्यांनी मागाला हौसेने झोपवलं होतं.

मी राहिले. मास्तरांना निरोप धाडला की उद्या येते. काकूंनी हुलग्याची शेंगोळी केली. लसणाची, झणझणीत, नाकातून पाणी काढणारी. मिस्त्री तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "लेकीच्या सासरी लाजू नये." दिवेलागणीच्या आधी बापूंनी वाद्यावर एक चौकडीची चादर टाकली. ती त्यांनी स्वतः विणलेली, फक्त या वाद्याच्या मापाची. कडा चापून बसवल्या. मग गळ्यावरचं फडकंही त्याच हाताने नीट केलं.

त्या संध्याकाळी मला सांगता आलं असतं. काकू दारात ज्वारी निवडत होत्या, त्यांनीच विषय काढला. "कुनी नगरच्या बाईनं कागूद काढलाय म्हनं. त्यो वाचून मास्तरनं ह्यांना बंदी केली. तवापासून जेवनात ध्यान न्हाई." मग माझ्याकडे बघून, "तुमी नगरच्या. वळखता का तिला?"

मी म्हटलं, "नगर मोठं आहे."

दसरा

सकाळी आंघोळी झाल्या, आपट्याची पानं आली. बापूंनी पहिलं पान धोट्यावर ठेवलं, दुसरं वाद्यावर, आणि चादर काढली. वाद्य मागाच्या खड्ड्यापाशी आणलं. ते खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडले, पावड्या तळाशी बसवल्या, पेटी मांडीवर आडवी घेतली. उजव्या बोटात नखी, डाव्या हातात लोखंडाची कांडी. ती मागाच्या जुन्या गजाचीच, घासून आरशासारखी केलेली.

पहिली तार छेडली आणि मिस्त्रींचा चेहरा पडला. सुराखाली एक कुरकुर होती. भांड्यात माशी अडकावी तशी.

"पावसाळ्यात लाकूड फुगलं, आता सुकलं. घोडी हलतीया." तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला ते घोडी म्हणत. त्यांनी कान लावला, नखाने चाचपलं. "केसाएवढी फट हाय. जाड कागूद पायजे, घडी घालून सारायला. वयनी, कागूद?"

"आमच्यात कुटला कागूद? पंचांग हाय, ते फाडू का?"

"ताई, तुमच्या पिशवीत गठ्ठा हाय की! काल म्या उचलला तवा लई जड लागला."

आता याला काय म्हणावं? नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मी एक पत्रक काढलं आणि मिस्त्रींच्या हातात दिलं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी बोटांत चोळून जाडी बघितली, "बेस हाय," म्हणाले, आणि मापासाठी ते बापूंच्या पुढे धरलं.

बापूंना वाचता येत होतं. भजनाच्या वह्या त्यांच्याच हातच्या होत्या.

त्यांनी मथळा वाचला. खालचं नाव वाचलं. काल काकूंना मी जे नाव सांगितलं होतं, तेच. मग माझ्याकडे बघितलं. मिस्त्री एकदा बापूंकडे बघत, एकदा माझ्याकडे. "काय झालं रं सख्या?"

मी म्हटलं, "ते पत्रक मी लिहिलंय. बंदी माझ्यामुळे झाली. मी समितीच्या बाजूने बोलायला आलेय. कालच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

काकूंच्या हातातलं पानांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आन् हळद लावून घेतली," त्या म्हणाल्या. एवढंच. आजवर माझ्यावर झालेल्या टीकेत इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

बापूंनी पत्रक उभं दुमडलं. मग आडवं. प्रत्येक घडीवर नख फिरवून ती धार लावल्यासारखी केली, साळी सुताची गाठ दाबतो तसं. शेवटी बोटभर पट्टी उरली. ती त्यांनी घोडीखाली सारली, पुन्हा तार छेडली. कुरकुर गेली होती.

ते माझ्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. मी काकूंकडे बघितलं. त्या सांगायला तयार नव्हत्या. शेवटी मिस्त्रींनीच सांगितलं. "कागूद चांगला हाय म्हनतोय."

आणि ते वाजवायला लागले.

वाचकहो, संगीतातलं मला कळत नाही. जे दिसलं ते सांगते. कांडी तारेवरून सरकली की सूर घसरत जातो, हे तर सोजिराच्या गिटारीतही असेल. पण बापूंनी एक पावडी दाबली, आणि आठातली एकच तार उठून वर गेली. बाकीच्या जागच्या जागी. भजनात बुवा वर चढतो आणि मागचे टाळकरी खाली धरून राहतात, अगदी तसं. पाय सुटला, बुवा खाली आला. दुसरी पावडी, आणि श्वास घ्यायला थांबल्यासारखा सूर. बापूंचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्द ते म्हणत होते, फक्त आवाज तोंडातून न येता खड्ड्यातून येत होता. काकू दाराच्या चौकटीला टेकून तोच अभंग मनात म्हणत होत्या. त्यांचा चेहरा बघून मी नजर वळवली. ते बघायचा हक्क मला नव्हता.

छावणीत ऐकलेला सूर, सागाची पेटी, बाभळीच्या पावड्या, साळ्याचे पाय. यातलं परकं नेमकं काय, ते मी तिथे बसून शोधत होते. परकं सापडलं ते एकच. मी.

नदीकाठ

पुरणाची पोळी न खाताच मी मास्तरांकडे गेले. काकूंनी वाढली नव्हती असं नाही, वाढली होती. मीच ताटावरून उठले.

मास्तर सज्जन माणूस. पण छापलेलं ते पक्कं, असं मानणारा. मी म्हटलं, बंदी उठवा. ते म्हणाले, "अहो, पण आपणच लिहिलंय ना? सबंध गावाला सांगून बसलोय आम्ही. आता सत्काराला दोन घटका उरल्या. लोक म्हणतील, सकाळी एक, संध्याकाळी एक."

"म्हणू द्या. मी चुकले."

"हे आपण लेखी द्याल?"

"लेखीच दिलं होतं, म्हणून तर हा घोळ झाला. कुदळ आहे का तुमच्याकडे?"

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. कुदळ मात्र दिली.

नदीकाठी सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. भजनी मंडळी टाळ मांडीवर ठेवून रुसलेली बसली होती. त्यातल्या एकाला विचारलं, बापू बाहेर वाजवतात तेव्हा पाय कुठे सोडतात? तो म्हणाला, "खड्डा काडतो आमी. त्येंच्या पायापुरता. औंदा न्हाई काडला."

व्यासपीठासमोर, भजनाच्या सतरंजीच्या मधोमध मी कुदळ मारली. पोयट्याची जमीन, वरून मऊ, खाली चिवट. पदर खोचला, सुतळीने बांधलेली चप्पल फेकून दिली. माणसं जमायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, "नगरची बाई हाये. भाषानाला आलीया." दुसरा म्हणाला, "ह्ये कसलं भाषान?" मास्तर थोडा वेळ उभे राहिले. मग उपरणं काढून ठेवलं आणि मी उकरलेली माती हाताने बाजूला सारायला बसले. सत्काराचे दोघेही आले. त्यांना कुणीतरी हळूच सगळं सांगितलं. त्यातला एक, अजून तुरुंगातल्या तापाने खंगलेला, म्हणाला, "आत असताना मी ह्यांच्याच भजनाची आठवण काढायचो. अन् बाहेर येऊन कळतंय की गळा गेला, अन् वर तुम्ही वाद्यही काढून घेतलंत." त्याला उत्तर मी कुदळीनेच दिलं.

खोली मला माहीत होती. माझ्या नडगीवर माप होतं. जखमेपर्यंत खणलं आणि थांबले.

बंदी उठल्याचा निरोप मास्तरांनी धाडला होता. बापू आले. पुढे मिस्त्री, चादरीत गुंडाळलेली लेक दोन्ही हातांवर घेऊन. मागे काकू. बापू खड्ड्याच्या काठावर बसले, पाय सोडून बघितले, पावड्या बसवल्या, मग मान वर केली आणि मला खूण केली. मी खाली वाकले. या वेळी मध्ये कुणी लागलं नाही, मला ऐकू आलं.

"आजून चार बोटं, ताई."

मी चार बोटं खणलं.

भजन झालं. सूर्य पाण्याला टेकला होता. त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांनी कोपरगावला जावं. फक्त खंडेनवमीला जाऊ नये, आणि साळ्याच्या घरात शिरताना खाली बघून चालावं.

निघताना मी बापूंना म्हटलं, घोडीखालचं ते पत्रक काढून टाका, मी कोऱ्या कागदाची पट्टी करून देते. त्यांनी मान हलवली. नको. काकूंनी पोळ्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवल्या, गठ्ठ्याच्या वर. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण हळदीची पुडीही त्यात होती, हे मला गाडीत कळलं.

तेव्हा हे जाहीर करते की 'परका सूर, परकं राज्य' हे पत्रक मी मागे घेतलं आहे. ज्यांच्याकडे प्रती असतील त्यांनी चुलीत घालाव्यात. एकच प्रत राहू द्यावी, कोपरगावला सखारामबापूंच्या वाद्यात घोडीखाली आहे ती. ती कुणी काढू नये. काढली तर लेक कुरकुर करते.